फुटक्या बादलीचा फुटबॉल

रविवार, ५ ऑक्टोबर २०१४. दसरा होऊन दोनच दिवस झालेले. घरोघरी पोहे, चहा आटोपून माणसे अकराच्या सुमारास टीव्हीसमोर येऊन बसली होती, कारण त्या दिवशी आमीर खानच्या ‘सत्यमेव जयते’चे तिसरे पर्व सुरू व्हायचे होते. आधीच्या पर्वांत स्त्रीभ्रूणहत्या, हुंडा अशा विषयांनी प्रेक्षकांना पुरते हलवून सोडले होते. रुमाल हाताशी ठेवूनच हा कार्यक्रम पाहायचा, असे गृहिणींनी ठरवून टाकले होते. पण या वेळी विषय निघाला खेळाचा! पडद्यावर आले नागपूरचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक, विजय बारसे, आणि त्यांच्या मैदानावर घडलेला एक तरुण, अखिलेश पॉल. ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते, तो मुलगा भारताच्या संघाचा कर्णधार होऊन ब्राझीलला जाऊन आला होता. रुमाल शेवटी लागलेच.

हौशी फुटबॉल संघाला घेऊन टीव्हीवर कार्यक्रम करायचा, ही कल्पना तशी परदेशातली. डेन्मार्कमध्ये २००४ साली ‘एफसी झुलू’ नावाचा कार्यक्रम झाला. पुस्तकांत आणि संगणकांत बुडालेली, चेंडूला कधी पाय न लावलेली चष्मिष्ट मंडळी गोळा करायची, त्यांना शिकवायचे आणि शेवटी खऱ्याखुऱ्या व्यावसायिक संघासमोर उभे करायचे. मालिका इतकी चालली की पुढे ऑस्ट्रेलियानेही ‘नर्ड्स एफसी’ या नावाने तिची आपली आवृत्ती काढली. आपल्याकडे मात्र २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आले आणि गाणी, नाच, परीक्षकांचे अश्रू यांतच ही हौस भागली. मुंबईचे स्टुडिओ मनोरंजनाचे. दिल्लीला खेटून असलेल्या नोएडात, सेक्टर १६ ए मधल्या फिल्मसिटीत, वृत्तवाहिन्यांच्या इमारती एकमेकींना लागून उभ्या. देशाने घरात बसून काय पाहायचे, हे बरेचसे या दोन ठिकाणी ठरते. तिथे वस्तीतल्या अनवाणी फुटबॉलला कोण विचारणार? म्हणूनच त्या रविवारच्या तास-सव्वा तासाचे महत्त्व. डेन्मार्कच्या कार्यक्रमात संघ कॅमेऱ्यासाठी जमवला होता. नागपूरला संघ आधीच होता; कॅमेरा तिथे पोहोचायला तेरा वर्षे लागली.

ती तेरा वर्षे ज्या गावात गेली, ते गाव पाहण्याजोगे आहे. संत्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन एवढ्यावर नागपूरची ओळख संपवणाऱ्यांनी तर जरूर पाहावे.

शून्य मैलापासून

नागपूरला उतरलेला पाहुणा सहसा आधी झिरो माइलला जातो. वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे. इंग्रजांनी अंतरे मोजण्यासाठी ही खूण उभारली, असे सांगतात. जवळच सीताबर्डीचा किल्ला आणि बर्डीचा गजबजलेला बाजार, थोडे पलीकडे कस्तूरचंद पार्कचे विस्तीर्ण मैदान. सभा, प्रदर्शने, फटाक्यांची दुकाने सगळे या मैदानाने सोसले. उरलेल्या दिवशी मुलांनी ते आपले मानले. नागपूरचा रस्ता म्हणजे सिमेंटचा, ऊन म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांचे, आणि सकाळची न्याहारी म्हणजे तर्रीपोहे. पोह्यांवर लालभडक, तिखटजाळ रस्सा ओततात. पुण्याकडच्या माणसाला पहिला घास खाऊन ठसका लागला, तर ठेलेवाला न विचारता पाण्याचा पेला पुढे करतो.

झिरो माइलपासून सिव्हिल लाइन्सच्या झाडीत शिरले की हिस्लॉप कॉलेज लागते. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला. धर्मप्रसाराबरोबर त्याने इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. १८८३ साली सुरू झालेले कॉलेज त्याच्या नावाचे. विजय बारसे याच कॉलेजात खेळ शिकवत.

फुटबॉल मात्र नागपूरला कॉलेजांतून आला नाही, तो छावणीतून आला. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठी आहे. इंग्रजांनी १८२१ साली तिथे लष्करी छावणी वसवली. गोरे सोजीर संध्याकाळी चेंडू लाथाडायचे, गावातली पोरे कडेला उभी राहून पाहायची, मग पोरेही लाथाडू लागली. आज पर्यटक कामठीला जातो तो ड्रॅगन पॅलेसचे देखणे बुद्धमंदिर पाहायला. पण फुटबॉलवेड्याला कामठी म्हटले की रब्बानी क्लब आठवतो. क्रिकेटच्या या देशात विदर्भातली ही एक पट्टी पिढ्यानपिढ्या फुटबॉलची राहिली, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

पाऊस, झाड आणि बादली

आता २००१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. सर पाऊस चुकवायला एका झाडाखाली थांबले. समोर वस्तीतली काही पोरे चिखलात काहीतरी लाथाडत होती. सरांनी निरखून पाहिले. चेंडू नव्हता, फुटकी प्लास्टिकची बादली होती! पण खेळ खरा होता. पास होते, आरडाओरडा होता, आणि मुख्य म्हणजे जी मुले एरवी दिवसभर उनाडत फिरत, ती तेवढा वेळ दुसरे काही करत नव्हती. सरांनी त्यांना फुटबॉल आणून दिला.

एखाद्याने चेंडू दिला असता आणि पुण्य पदरात पडले म्हणून घरी गेला असता. सरांच्या डोक्यात मात्र शिक्षकाचा हिशेब सुरू झाला. एवढ्या मुलांनी मन लावून खेळावे तर त्यांना स्पर्धा हवी. त्यांनी फक्त झोपडपट्ट्यांतल्या संघांसाठी स्पर्धा जाहीर केली आणि १२८ संघ आले. एका संघात आठ-दहा मुले धरली तरी हजाराच्या वर मुले होतात. कुणाच्या अंगात शर्ट नाही, कुणाच्या पायात चप्पल नाही, बूट तर लांबच. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. आकड्यांकडे पाहिले म्हणजे १२८ संघांचे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते, की तोवर त्यांना कुणी बोलावलेच नव्हते.

नाव ठेवले ‘झोपडपट्टी फुटबॉल’. नाव बोचरे आहे. घरात बसून वाचणाऱ्याला तर फारच बोचते. पण ‘आशाकिरण चषक’ वगैरे गोड नाव दिले असते, तर पहिल्याच वर्षी कॉलनीतली बूट घातलेली मुले रांगेत पुढे उभी राहिली असती. बोचरे नाव हेच कुंपण ठरले, आणि ते या वेळी बाहेरच्यांना अडवणारे होते. पुढे इंग्रजीत त्याचे ‘स्लम सॉकर’ झाले आणि याच नावाने ते जगभर गेले.

सरांनी क्रीडा विकास संस्था काढली. निवृत्तीच्या पैशांतून शहराबाहेर बोखारा येथे जागा घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेत होता. तो परत आला आणि कामाला लागला. मध्यमवर्गीय घरात या दोन ओळींमागे केवढी चर्चा, केवढे अबोले असू शकतात, हे कुठल्याही वाचकाला सांगायला नको. भविष्यनिर्वाह निधीतून बहुतेक जण फ्लॅट घेतात आणि अमेरिकेतून आलेला मुलगा बहुतेक घरांत पाहुणा असतो.

बोखारा कोराडीच्या बाजूला. कोराडीला औष्णिक वीजकेंद्र आहे आणि जगदंबेचे जागृत मानले जाणारे मंदिर आहे. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. देवीला जाणाऱ्या कितीजणांना, याच बाजूला एका क्रीडाशिक्षकाची पुंजी मातीत पेरलेली आहे, याची कल्पना असेल?

जन्मात एकदाच

जगातही साधारण त्याच काळात असेच काहीसे चालले होते. स्कॉटलंडचा मेल यंग आणि ऑस्ट्रियाचा हाराल्ड श्मीड हे दोघे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांच्या चळवळीतले. बेघर माणसे ही वृत्तपत्रे विकून चार पैसे मिळवतात. बेघरांचाच विश्वचषक भरवला तर, असे त्यांच्या मनात आले २००१ साली, म्हणजे बादलीच्याच वर्षी! पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाली. २००६ साली ती दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला होती आणि २००७ साली कोपनहेगनला भारताचा संघ प्रथम उतरला. नागपूरच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या या कामातूनच तो उभा राहिला होता.

या स्पर्धेचे नियम मजेदार आहेत आणि थोडे जीवघेणेही. मैदान मोठ्या फुटबॉलचे नाहीच. २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद, चहूबाजूंनी फळ्यांची भिंत. एखाद्या चाळीचे अंगण म्हणा ना! एका वेळी एका बाजूने चौघे खेळतात, तिघे मैदानात आणि एक गोलात. संघात एकूण आठ जण, अदलाबदल कितीही. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. चौदा मिनिटांत सगळा निकाल! बरोबरी ठेवत नाहीत. पेनल्टीवर निकाल लावतात आणि तिथे हरलेल्यालाही एक गुण देतात. हरला म्हणून रिकाम्या हाताने जायचे नाही, हा विचार ज्याने नियमात बसवला त्याला माणसे कळत असावीत.

पण खरा नियम पुढेच आहे. या विश्वचषकात खेळाडूला जन्मात एकदाच खेळता येते. कितीही चांगला खेळला तरी पुढच्या वर्षी त्याची जागा दुसऱ्याला. नियम न्यायाचा आहे, कारण रांग मोठी आहे. पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर काय होते? वस्तीतला मुलगा पासपोर्टसाठी धावतो. जन्मदाखला नाही, धड पत्ता नाही, पोलीस पडताळणीत काय निघेल याची धास्ती वेगळी. ते सारे पार पडून तो विमानात बसतो. आठवडाभर परक्या शहरात प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडतात, छातीवर देशाचे नाव असते. मग परतीचे विमान, नागपूरचे स्टेशन, तीच गल्ली, तोच नळ. आणि पुन्हा ते कधीच मिळणार नसते.

अखिलेश पॉल २०१० साली रिओला याच स्पर्धेत भारताचा कर्णधार होता. लहानपणी घर सुटलेले, जुगार, मारामाऱ्या आणि पोलिसांपासून पळणे, हे त्याने स्वतःच सगळ्या देशासमोर सांगितले. पळता पळता तो मैदानाशी पोहोचला आणि तिथे गुंतला. रिओहून परतल्यावर त्याने प्रशिक्षकाचे काम धरले. ‘सत्यमेव जयते’त सगळ्यांना भिडला तो त्याच्या जुन्या आयुष्याचा भाग. रिओचे नावही भिडले. रोज संध्याकाळी शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना रांगेत उभे करण्याचा भाग मात्र पडद्यावर फारसा रंगत नाही. त्यात नाट्य कुठले? खरे तर सगळी गोष्ट तिथेच आहे. जन्मात एकदाच मिळणाऱ्या आठवड्यानंतर उरलेल्या वर्षांचे काय करायचे, याचे उत्तर त्या शिट्टीत आहे.

बच्चनसाहेब नागपुरात

टीव्हीवरून गोष्ट सिनेमात जायला वेळ लागला नाही. ‘सैराट’वाल्या नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ करायला घेतला. पुण्यात विद्यापीठाच्या मैदानावर सेट उभारला, पण विद्यापीठाचे मैदान असे अडवल्याबद्दल ओरड झाली आणि तो उतरवावा लागला. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये अमिताभ बच्चन चित्रीकरणासाठी नागपूरला आले. शहर खुळावले! ज्या वस्त्यांकडे एरवी निवडणुकीखेरीज कुणी फिरकत नाही, तिथल्या गल्ल्यांतून मंजुळे यांच्या माणसांनी नट शोधले होते. कधी कॅमेरा न पाहिलेली मुले बच्चनसाहेबांसमोर उभी राहिली आणि अजिबात बिचकली नाहीत. चित्रपट पाहताना कळते की कुठल्या अभिनयशाळेत हे चालणे, हे बोलणे, केसांचे हे रंग शिकवता आले नसते.

चित्रपटात कॉलेजचे हिरवे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. डॉ. आंबेडकर जयंतीची धामधूम आहे. ती बाहेरच्यांना कथेत घातलेली वाटेल. नागपूरकराला वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात. दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. वस्तीतल्या मुलाला आपण कुणापेक्षा कमी नाही, हे सांगणारे काही या शहरात फुटबॉलच्या फार आधीपासून होते. म्हणून दीक्षाभूमीचा शुभ्र स्तूप पाहिल्याशिवाय नागपूरच्या फुटबॉलची गोष्टही पुरती कळत नाही.

पण गोष्ट गाजली की तिला मालक फुटतात. अखिलेशच्या जीवनकथेचे हक्क आपल्याकडे आहेत, असे म्हणत हैदराबादचा एक निर्माता न्यायालयात गेला. २०२० साली ‘झुंड’च्या प्रदर्शनाला स्थगिती मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तिथेही ती लगेच उठली नाही. चित्रपट लागला तो ४ मार्च २०२२ रोजी. त्यात सरांचे नाव विजय बोराडे झाले होते. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर, हा वकिलांचा प्रश्न. पण ज्या मुलाच्या नावावर एकेकाळी खोलीही नव्हती, त्याच्या आयुष्याच्या मालकीवरून दोन निर्मात्यांनी भांडावे, हे ऐकून वस्तीतल्या एखाद्या आजीने काय म्हटले असते? मेल्यांनो, त्याला तरी विचारा!

जगाचेही तसेच चालले आहे. २०२४ साली बेघरांच्या विश्वचषकावर ‘द ब्यूटिफुल गेम’ नावाचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. छान आहे. बघून डोळे ओलावतात आणि दोन तासांत संपतो.

नागपूरचे काम मात्र संपले नाही. मुलांमागोमाग मुली मैदानात आल्या, आणि ते जास्त अवघड होते. मुलगा मैदानावर गेला तर घरच्यांना फार तर तो कामाला लागत नाही एवढीच चिंता असते. मुलीने अर्धी विजार घालून मैदानावर धावायचे म्हटले की शेजार, जात, लग्न, सगळेच आडवे येते. पाणी कोण भरेल, धाकट्याला कोण सांभाळेल, हे तर रोजचेच. प्रशिक्षकांना आधी आयांशी बोलावे लागते, मग मुलींशी. ‘शक्ती गर्ल्स’ या नावाने मुलींसाठी वेगळा उपक्रम चालला. कर्णबधिर मुलांसाठीही खेळ सुरू झाला. २०१६ चा ‘फिफा डायव्हर्सिटी’ पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. खेळातून भेदाभेद मिटवणाऱ्या कामाला जागतिक फुटबॉल संघटना तो देत असे. या बातमीसाठी कुणी रविवारी सकाळी रुमाल घेऊन बसले नव्हते.

नागपूरला जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. संत्री असतात, हवा गोड असते, फुटाळा तलावावर संध्याकाळी बसवते. स्टेशनवरून मेट्रोने झिरो माइल गाठता येते. तिथून कामठी रोडच्या दिशेने जाताना गड्डीगोदामला रस्ता, रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असे एकावर एक मजले दिसतात, ते मुलांना दाखवावेत. मेट्रोच्या खिडकीतून खाली वस्त्यांचे पत्रे दिसतात आणि पत्र्यांच्या मधून कुठे कुठे मोकळी जागा. दरवर्षी ती थोडी कमी होते. कुठे पार्किंग होते, कुठे समाजमंदिर, कुठे नुसतेच कुंपण पडते.

फुटबॉल पाहायचा असेल तर मात्र हिवाळ्याची वाट पाहायचे कारण नाही. मे महिन्यात दिवसभर शहर पडदे ओढून, कूलर लावून पडलेले असते. सहा वाजले की दारे उघडतात. जिथे बावीस पावले लांब, सोळा पावले रुंद जागा उरली असेल, तिथे दोन्ही टोकांना चार विटा मांडल्या जातात आणि चपला काढून कडेला ठेवल्या जातात.